उभं कुठे राहायचं?

“फिफ्टी घेऊ की थर्टी-फाय?”

हा प्रश्न फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात विचारला जातो, कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबात विचारला जातो, आणि लग्नाच्या मांडवात दोन विधींच्या मधल्या वेळात फोटोग्राफर दादाला गाठूनही विचारला जातो. विचारणाऱ्याची गोष्ट बहुधा एकच असते. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स वर्षभर वापरून झालेली आहे. उन्हात ती छान काम देते. दिवेलागणीनंतर मात्र फोटो हलतात, आणि मागची गर्दी काही केल्या पुसट होत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘प्राइम घे’. म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स. त्यातली सर्वांत स्वस्त ५० एमएम, एफ/१.८. ती घेतली जाते. पहिले काही दिवस मांजर, कुंडीतलं फूल आणि धाकट्या बहिणीचे पोर्ट्रेट काढण्यात जातात. पुढे घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ येते आणि कॅमेऱ्यावर पुन्हा किट लेन्स चढते.

लेन्सबद्दलची चर्चा सहसा शार्पनेस, ब्लर आणि किंमत या तिघांभोवती फिरते. तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण निवडीचा मुद्दा त्यांच्याही आधी येतो. झूम असली की जिथे जागा मिळेल तिथे उभं राहायचं आणि रिंग फिरवून चौकट जुळवायची. प्राइमला ती मुभा नाही. चौकटीत कमी-जास्त घ्यायचं तर पाय हलवायला लागतात. त्यामुळे प्राइम घेणारा, त्याच्या लक्षात येवो न येवो, आपण समोरच्यापासून किती अंतरावर उभे राहणार हे ठरवून मोकळा होतो. ३५ घेणारा जवळ जाणार, ८५ घेणारा लांब थांबणार. आपण फोटो कुठे काढतो, तिथे मागे सरकायला किती जागा आहे आणि समोरची माणसं आपल्याला किती जवळ येऊ देतात, हे न तपासता घेतलेली लेन्स कितीही शार्प असली तरी कपाटात पडून राहते.

गौरी-गणपतीतला नेहमीचा फोटो घ्या. आरास, पुढे पाटावर आजी, दोन्ही बाजूंना लेकी-सुना, मांडीवर पोरं. खोली दहा बाय बाराची. फोटो काढणारा भिंतीला पाठ टेकवून उभा राहिला तरी त्याच्यात आणि माणसांत तीन मीटरच्या वर अंतर मिळत नाही. नव्यानं कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘क्रॉप’. निकॉन, सोनी, फुजी यांच्या क्रॉप सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, कॅननची त्याहून थोडी कमी. आता साधं त्रैराशिक मांडायचं: सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. ५० एमएमला तीन मीटरवर चौकटीत येते १.४ मीटरची रुंदी. आजी आली, शेजारची सून आली, बाकीचे बाहेर. ३५ला दोन मीटर मिळतात. २४ला जवळजवळ तीन मीटर, म्हणजे आराशीसकट अख्खं घर. हाच हिशेब फुल फ्रेम सेन्सरला, ज्याचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर असतो, वेगळा येतो. तिथे ५० एमएम तीन मीटरवर २.१६ मीटर दाखवते. लेन्स तीच, पण क्रॉप कॅमेऱ्यावर ती ७५ किंवा ८० एमएमसारखी वागते. फिफ्टी माणसाच्या नजरेसारखी दिसते, असं जे ऐकू येतं ते फिल्मच्या जमान्यातलं, ३६ बाय २४च्या चौकटीपुरतं आहे. क्रॉपवर तो मान ३५च्या आसपासच्या लेन्सचा. निकॉननं २००९ साली डीएक्स, म्हणजे आपल्या क्रॉप कॅमेऱ्यांसाठी ३५ एमएम एफ/१.८ काढली ती याच गरजेपोटी, आणि फुजीफिल्मनं २०१२ साली एक्स-प्रो १ आणला तेव्हा त्याच्याबरोबरच्या पहिल्या लेन्सांमध्येही ३५ एमएम एफ/१.४ होतीच.

०००

पन्नासचा आकडा रूढ कसा झाला, त्याची सुरुवात जर्मनीतल्या वेट्झलार गावात आहे. लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपनीत ऑस्कर बार्नाक काम करत होते. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून तिच्यावर दुप्पट आकाराची चौकट घेणारा छोटा कॅमेरा त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तयार केला. युद्धानं ते काम रखडलं. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला तेव्हा त्यावर मॅक्स बेरेक यांनी आखलेली ५० एमएम एफ/३.५ लेन्स होती. ३६ बाय २४च्या चौकटीचा कर्ण ४३.३ मिलिमीटर. कर्णाएवढी फोकल लेंग्थ ‘नॉर्मल’ मानतात, म्हणजे ५० त्याहून किंचित लांबच. तरीही लायकापाठोपाठ आलेल्या कॅमेऱ्यांनी ५० उचलली आणि तीच प्रथा झाली.

ती स्वस्त का, याचं कारण भिंगांच्या रचनेत आहे. झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली ‘प्लानार’ आखली. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकसारखी भिंगं, एकूण सहा. पुढच्या अर्ध्यानं केलेले काही दोष मागचा अर्धा आपोआप फेडतो, म्हणून सरळ रेषा सरळ राहतात आणि कडांना रंग फाटत नाहीत. अडचण एवढीच होती की हवा आणि काच जिथे जिथे भेटतात तिथे थोडा प्रकाश परत फिरतो, आणि अशा आठ पृष्ठभागांमुळे प्रतिमा धुरकट व्हायची. १९३५ साली झाइसमध्येच अलेक्झांडर स्मकुला यांनी परावर्तन कमी करणारा लेप शोधला, आणि या रचनेचं नशीब पालटलं. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक स्वस्त फिफ्टी याच घराण्यातल्या आहेत. सहा-सात भिंगं, वळणं सौम्य, काच साधी. एसएलआर कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा सोडावी लागते, आणि ५० एमएमची ही रचना त्या जागेपुढे सहज बसते.

३५ एमएमचं तसं नाही. तिच्या मागच्या टोकाला आरसा अडतो. मग पुढे मोठं अंतर्वक्र भिंग बसवून प्रतिमा मागे ढकलावी लागते. फ्रान्समध्ये पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली एसएलआरसाठी अशी ३५ एमएम लेन्स बाजारात आणली. त्यात भिंगं वाढली, वजन वाढलं, किंमत वाढली. दुकानात ५० एमएमपेक्षा ३५ एमएमला जास्त पैसे मागतात तेव्हा दुकानदार फसवत नसतो. आता मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नाही, त्यामुळे लहान फोकल लेंग्थच्या लेन्स पुन्हा छोट्या व्हायला लागल्या आहेत, आणि घरातल्या फोटोंसाठी ती फार उपयोगी गोष्ट आहे.

०००

अंतराचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो तो चेहऱ्यावर. डोक्यापासून छातीपर्यंतचा उभा फोटो घ्यायचा, म्हणजे साधारण साठ सेंटीमीटरची चौकट. फुल फ्रेमवर ३५ एमएमनं तो काढायला साठ सेंटीमीटरपेक्षाही जवळ जावं लागतं. हात पुढे केला तर समोरच्याच्या खांद्याला लागेल एवढं जवळ. ८५नं तोच फोटो १.४ मीटरवरून होतो. आपल्या नाकाचं टोक कानापेक्षा अदमासे बारा सेंटीमीटर पुढे असतं. साठ सेंटीमीटरवरून पाहिलं की नाक कानाच्या मानानं वीस टक्के मोठं दिसतं, १.४ मीटरवरून आठ-नऊ टक्के. ‘लेन्सनं चेहरा बिघडवला’ असं लोक म्हणतात, पण तो बदल आपल्या उभं राहण्यानं केलेला असतो. त्याच जागेवरून दोन वेगवेगळ्या लेन्सनी फोटो काढून एकाच मापात कापले, तर नाक-कानाचं प्रमाण दोन्हींत सारखंच येतं.

म्हणूनच पोर्ट्रेटसाठी ८५ ते १०५चा पट्टा रुळला. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला तो निकॉरच्या १०५ एमएम एफ/२.५ लेन्सनं. त्या चेहऱ्यावर काहीही ताणलेलं नाही, आणि नजर तर थेट आपल्यापर्यंत येते. जपानी भिंगांचा जगभर दबदबा झाला तोही अशाच एका लेन्समुळे. १९५० साली टोकियोत ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांचा फोटो जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकारानं ८५ एमएम एफ/२ निकॉरनं काढला. प्रिंट पाहून डंकन निप्पॉन कोगाकूच्या, म्हणजे आजच्या निकॉनच्या, कारखान्यात लेन्स तपासायला गेले, आणि त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं तेव्हा आपल्या लायकांवर निकॉर लेन्स चढवून तिकडे पोचले. युद्धातले ते फोटो अमेरिकेत छापून आल्यावर जर्मन भिंगांशिवाय पर्याय नाही ही समजूत ढळली.

पण ८५ घेण्याआधी मागची भिंत पाहावी. क्रॉप कॅमेऱ्यावर ८५ एमएमनं उभ्या माणसाचा नखशिखांत फोटो घ्यायचा तर सात मीटर मागे जावं लागतं. मंगल कार्यालयात स्टेजपासून सात मीटरवर पंगतीचं टेबल किंवा ऑर्केस्ट्रा असतो. क्रॉपवर पोर्ट्रेटचं काम ५०, ५६ एमएमच जास्त सोयीनं करतात, आणि माझ्या मते स्वस्त फिफ्टीचा क्रॉपवरचा खरा उपयोग हाच: घराबाहेर, अंगणात, गच्चीवर, एका माणसाचा फोटो.

याच्या उलट टोकाला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ. त्यांनी जन्मभर मुख्यतः लायका आणि ५० एमएम लेन्स वापरली. ते १९४७ साली भारतात आले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, दिल्लीत ते गांधीजींना भेटले होते. त्याच संध्याकाळी बिर्ला हाउसच्या फाटकाशी नेहरू गांधीजींच्या मृत्यूची बातमी लोकांना सांगतात, तो त्यांचा फोटो पाहावा. अंधार, एका दिव्याचा उजेड, माणसं हललेली, धूसर. लांबून टिपलेला नाही तो. छायाचित्रकार त्या गर्दीतच उभा आहे हे चौकटीच्या प्रत्येक कडेला जाणवतं. ५० एमएम तिथे गर्दीच्या आत नेते, तरी माणसांचे आकार बिघडवत नाही. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी तर उत्तरार्धातले जवळजवळ सगळे चित्रपट ५० एमएमवर काढले, कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला ठेवून.

आणि एका लेन्सवर काम करणं ही कुणा साधकाची हौस नव्हती. कित्येक वर्षं ती नोकरीची अटच होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी वापरलेल्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याची लेन्स बदलताच येत नसे. चौकट एकच, ती अंगात भिनलेली. पंतप्रधान विमानाच्या जिन्यावर आले की आपण कुठल्या पायरीसमोर उभं राहायचं, हे कॅमेरा उचलायच्या आत ठाऊक असायला लागे.

०००

आता उजेडाकडे वळू, कारण प्राइम घेण्याचं ते दुसरं मोठं कारण आहे. ५० एमएम एफ/१.८ म्हणजे पन्नास भागिले १.८, पूर्ण उघडल्यावर समोरून दिसणारं छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचं. किट लेन्स ५५ एमएमला एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. ५.६ आणि १.८ यांच्यात प्रकाशाचा फरक साडेनऊ पटींहून जास्त. हळदीच्या संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात किट लेन्सला १/१५ सेकंदाचा शटर लागत असेल, तर तिथेच १.८ला १/१२५ मिळून थोडं शिल्लक राहतं. १/१५ला हळद लावणारा हात पुसला जातो, १/१२५ला हातातल्या बांगड्यांची किणकिण थांबवता येते. इथे ‘पण माझ्या किट लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे’ असं उत्तर येतं. ते आपला हात थरथरला तर सावरतं. मावशींचा हात थांबवणं त्याच्या हातात नाही.

छिद्र मोठं केलं की फोकसची खोली आटते, ही त्याची किंमत. फुल फ्रेमवर ८५ एमएम, एफ/१.८, अंतर दोन मीटर: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटर. डोळे आले, कान गेले. नवरा नवरीच्या एक पाऊल मागे उभा असेल तर तो त्या फोटोत नाहीच म्हणायचं. एफ/४ला हाच पट्टा तेरा सेंटीमीटर होतो, आणि दोघांना एका रेषेत उभं केलं की काम भागतं. नव्या प्राइमवर पहिले काही महिने सगळे फोटो १.८लाच निघतात, मागे रंगांचे गोळे आणि पुढे एक पापणी. तो आनंद मी नाकारत नाही. फक्त आजीच्या मागचं देवघर, पाटावरची रांगोळी, कोनाड्यातला जुना रेडिओ हेही फोटोत हवं असतं, वीस वर्षांनी तर जास्तच.

१.८ घ्यावी की १.४, की १.२? १.४ला १.८पेक्षा सुमारे १.६५ पट प्रकाश मिळतो, शटरच्या भाषेत एक स्टॉपही, म्हणजे दुप्पटही, पुरा नाही. कॅननची आरएफ ५० एमएम एफ/१.८ भरते १६० ग्रॅम. तिचीच मोठी बहीण एफ/१.२ भरते ९५० ग्रॅम. प्रकाश सव्वादोन पट, वजन सहापट, आणि किंमत त्याच्याही पुढे. रोज रात्रीचं काम करणाऱ्यानं, नाटकाचे किंवा मैफलींचे फोटो काढणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’मध्ये (१९७५) मेणबत्तीच्या उजेडात चित्रण करण्यासाठी झाइसनं नासाकरता बनवलेली ५० एमएम एफ/०.७ लेन्स कॅमेऱ्याला जोडून घेतली होती. फोकसचा पट्टा इतका अरुंद की नटांना जागचं हलणंही मोजून करावं लागे. त्यांना मेणबत्तीच हवी होती, म्हणून तो खटाटोप सार्थ ठरला. घरगुती वापराला, प्रवासाला, शिकायला १.८ आणि २ पुरून उरतात.

०००

सांगली जिल्ह्यातला एक लग्नाचा फोटोग्राफर दोन कॅमेरे खांद्यांवरच्या पट्ट्याला अडकवून काम करतो. एकावर ३५, दुसऱ्यावर ८५. दोन्ही फुल फ्रेम. “झूम होती तोवर मी स्टेजच्या खाली उभा असायचो,” तो सांगतो. “३५ लावल्यापासून करवल्यांच्यात उभा असतो.” नवरीच्या खोलीत तो आधी अर्धा तास नुसता वावरतो, पिना उचलून देतो, चहा आणून देतो, मग कॅमेरा काढतो. ८५ तो पाठवणीला ठेवतो, कारण बाप रडत असताना जवळ जाणं त्याला पटत नाही. अंतर ठरवणं ते हे. मात्र मंगलाष्टकांच्या वेळी त्याचा मदतनीस २४-७० झूम घेऊन स्टेजच्या मधोमध असतो. अंतरपाट एकदाच खाली जातो, आणि त्या क्षणी पाय हलवायला जागा असेलच याची खात्री नसते. प्राइमचा पुरस्कार करताना हे सांगायलाच हवं: जिथे क्षण एकच आणि आपली जागा दुसऱ्यानं ठरवलेली, तिथे झूम घ्यावी. पालखी सोहळ्यातल्या रिंगणालाही तेच लागू. अश्व धावतात तेव्हा आपण कड्याच्या कुठल्या बाजूला अडकलेले असू ते सांगता येत नाही. तिथे ७०-२०० असलेलाच फोटो घेऊन घरी जातो.

रिंगण सोडलं तर मात्र वारी ही ३५ एमएमची जागा आहे. दिंडी चालत असते, आपण तिच्यापुढे उलटं चालत असतो, आणि डोक्यावर तुळस घेतलेली बाई आपल्यापासून दोन-तीन मीटरवर असते. आषाढातलं आभाळ भरून आलेलं, पण दिवसाचा उजेड भरपूर. आयएसओ ८००, १/५०० सेकंद, एफ/८. फोकस हातानं तीन मीटरवर लावून ठेवायचा. फुल फ्रेमवर ३५ एमएमला या मापात साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकसला कुणाचा चेहरा धरायचा हे ठरवण्यात जो वेळ जातो तो इथे वाचतो. पखवाजवाल्याचा हात वर गेला की बटण दाबायचं, बस्स. मागची माणसं, पताका, रस्त्याकडेला केळी वाटणारी पोरं सगळी आपापल्या जागी दिसतात. जुन्या प्राइमांवर अंतराचे आणि छिद्राचे आकडे कोरलेले असत, दोन रेषांच्या मधलं सगळं स्पष्ट हे नुसत्या नजरेनं कळे. आजच्या बहुतेक लेन्सांवर ती पट्टी नाही, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे. एकदा मोजून, फोकस लॉक करून चालायचं.

दिवे घाटात मात्र ३५ काहीच सांगत नाही. वळणावळणानं चढणारी माणसांची रांग लांबून पाहावी लागते, समोरच्या उतारावर उभं राहून, १३५ किंवा २०० एमएमनं. अंतर मोठं असलं की जवळची आणि लांबची वळणं एकमेकांवर आल्यासारखी दिसतात आणि घाट पताकांनी भरून जातो. दोन्ही फोटो हवेत असं वाटणं स्वाभाविक आहे, पण भर पावसात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर थेंब आणि धूळ घ्यायला दार उघडणं. घाटातली आणि दिंडीतली लेन्स सकाळी मुक्कामावरच ठरवावी.

०००

मुंबईत सीएसएमटीसमोर, फोर्टातल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. जुन्या लेन्सचा सौदा इथे काचेच्या काउंटरवर होतो. पहिली प्राइम जुनी घ्यावी असं माझं मत आहे. लेन्स ही बॉडीसारखी चार वर्षांत जुनी होत नाही, आणि पटली नाही तर थोड्या तोट्यात विकता येते. पण पाहून घ्यावी. एका दुपारी कॉलेजचा मुलगा एका ५० एमएमच्या मागून मोबाइलची टॉर्च पाडून आत पाहत होता. समोरच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळीसारखे तंतू चमकले.

“काका, हे काय?”

“फंगस. जरासंच आहे, फोटोत नाय येत.”

काकांचं म्हणणं निम्मं खरं होतं. दोन-चार तंतू भर उजेडातल्या फोटोत दिसत नाहीत. दिव्याकडे किंवा मावळत्या सूर्याकडे लेन्स वळवली की मात्र फोटोवर पांढुरकी झाक येते. बुरशी फार दिवस राहिली तर भिंगावरचा लेप खाते, आणि मग साफ करूनही डाग जात नाही. मुलानं लेन्स परत ठेवली. बरोबर केलं.

टॉर्चनंतर छिद्राची पाती पाहायची: त्यांवर तेलाची ओल दिसली तर ती अडकणार. फोकसची रिंग एकसारखी फिरते का, बॉडीवर लावल्यावर लेन्स डुलते का, ऑटोफोकस चालू होताना घरघर येते का, हे हातानं कळतं. डीएसएलआर असेल तर वर्तमानपत्र तिरकं ठेवून मधल्या एका ओळीवर फोकस करावा आणि फोटो मोठा करून पाहावा; वरची किंवा खालची ओळ जास्त स्पष्ट आली तर फोकस सरकलेला आहे. समोरच्या काचेवरच्या बारीक चऱ्याला लोक फार घाबरतात. तिचा फोटोवर परिणाम नगण्य असतो, आणि तीच दाखवून भाव उतरवता येतो. निकॉनवाल्यांनी आणखी एक पाहायचं. जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सांत मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी३५००, डी५६०० या कॅमेऱ्यांत ती नाही. तिथे ५० एमएम १.८डी बसते, पण फोकस हातानंच करावा लागतो. ‘एएफ-एस’ लिहिलेली १.८जी घ्यावी.

मिररलेस असेल आणि खिसा हलका असेल, तर हातानं फोकस होणाऱ्या जुन्या फिल्मच्या लेन्सांचं मोठं दालन उघडतं. कॅमेऱ्याच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर, कॅनन ईएफमध्ये ४४, पण सोनी ई माउंटमध्ये १८ आणि निकॉन झेडमध्ये १६. मधल्या मोकळ्या जागेत साधी धातूची नळी, म्हणजे अडॅप्टर, बसते. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ ही ५८ एमएम एफ/२ लेन्स झाइसच्या बायोटारवर बेतलेली. ती प्रचंड संख्येनं निघाली, म्हणून अजूनही परवडते. क्रॉपवर ती जवळजवळ ८७ एमएमसारखं पोर्ट्रेट देते, आणि झाडांची पानं मागे असली की ती गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. हातानं फोकस करायची सवय हा वरचा फायदा.

पावसाळ्यात या सगळ्यांची काळजी घ्यायला महागडं कपाट लागत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आत छोटा आर्द्रतामापक, आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून कोरडं करायचं. चामड्याची देखणी पेटी कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बुरशीचं माहेरघर असते. तांदळात लेन्स पुरून ठेवायची पद्धतही सोडावी. तांदळाची पूड रिंगेत शिरते.

०००

निवड करायची ती अशी. वर्षभरात काढलेल्या फोटोंपैकी आपल्याला आवडलेले वेगळे काढावेत आणि संगणकावर त्यांची फोकल लेंग्थ पाहावी. प्रत्येक डिजिटल फोटोत ती नोंदलेली असते. बरेच फोटो १८-२४च्या आसपास असतील तर फिफ्टीचा विचार सोडावा, मित्रानं कितीही आग्रह केला तरी. बरेच ५०-५५ला अडकलेले दिसले, तर दोन अर्थ निघतात: एक तर आपल्याला माणसं एकटी एकटी पाहायला आवडतात, किंवा आपण जवळ जायला कचरतो. त्यातलं कुठलं, हे फोटो पाहून कळतं. पहिल्या तऱ्हेच्या फोटोत माणूस आपल्याकडे पाहत असतो, दुसऱ्या तऱ्हेच्या फोटोत त्याची पाठ असते.

मग किट लेन्सच्या झूम रिंगला ३५च्या खुणेवर चिकटपट्टी लावावी आणि काही रविवार तशीच वापरावी. फुकटात होणारी ही परीक्षा कुणी करत नाही. त्यानंतर मुंबई-पुण्यात भाड्यानं मिळते ती लेन्स एका दिवसासाठी घ्यावी. अनामत रक्कम आणि ओळखपत्र लागतं, भाडं किमतीच्या मानानं किरकोळ असतं. ती घेऊन विटांच्या भिंतीचे आणि पुस्तकांच्या कपाटाचे फोटो काढू नयेत. बारशाला न्यावी, बाजाराच्या दिवशी मंडईत न्यावी, तालमीच्या आखाड्यात न्यावी, आपण एरवी जिथे फोटो काढतो तिथे.

संध्याकाळी लेन्स परत करण्याआधी कडा किती शार्प आल्या ते पाहायची घाई नको. कुठल्या फोटोला मागे सरकायला जागा मिळाली नाही आणि कुठल्या फोटोला पुढे व्हायचा धीर झाला नाही, ते आठवावं. जागा कमी पडली असेल तर त्याहून लहान आकड्याची लेन्स घ्यावी. धीर कमी पडला असेल तर मोठ्या आकड्याची घेऊन लांब थांबता येतं, आणि बरेच जण तेच करतात. मला विचाराल तर मी तीच लेन्स आणखी एक दिवस भाड्यानं घ्यायला सांगेन, आणि मंडईतल्या ज्या भाजीवालीचा फोटो लांबून काढला होता तिच्याकडून आधी पावशेर मिरच्या घ्यायला सांगेन.